खोडव्याची तारीख

सोमवारी सकाळी फोन वाजला तेव्हा सुमंतचा एक हात कीबोर्डवर होता आणि दुसरा भागीरथीच्या पोटाखाली. भागीरथी ही त्याची राखी मांजर. कॉम्प्युटर चालू झाला की मॉनिटरची पेटी वरून ऊबदार होते, हा शोध तिनं विश्रामबागेतल्या त्या घरात आल्यावर दुसऱ्याच दिवशी लावला होता. ती वर बसली की शेपटी पडद्यावर लोंबायची, आणि सुमंतला प्रत्येक ओळीचा शेवट शेपटी बाजूला सारून वाचावा लागायचा. आता तर तिला चौदा दिवसांची तीन पिल्लं होती. ती पलंगाखालच्या खोक्यात ओरडत होती आणि ही वर येऊन बसली होती. तिला खाली काढायची खटपट चालली असतानाच फोन आला.

"मास्तर, तुमची यादी उतरवली आम्ही फळ्यावरनं," पलीकडून नानासो म्हणाले.

नानासो हे कडेगावच्या बाजूच्या एका साखर कारखान्याचे संचालक. कुणाचा ऊस कधी तोडायचा हे ठरवणारी समिती त्यांच्याकडं होती. त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव सालच्या हंगामात, तोडणीची यादी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर काढली होती आणि तो प्रोग्राम सुमंतनं लिहिला होता.

"उतरवली? का?"

"शुक्रवारी एक बाई आल्या वही घेऊन. यादी चुकलीय म्हणाल्या. आमच्या क्लार्कनं सांगितलं, बाई, कॉम्प्युटरनं काढलीय. तर त्याला म्हणाल्या, त्या कॉम्प्युटरला ऊस दाखवलाय का कुणी?" नानासो हसले. सुमंत हसला नाही. "मी तवाच म्हणत होतो मास्तर, यादी लावा, पण ती खालची टीप लावू नका. जेवायला आलेल्याला चूल कशाला दाखवायची? बुधवारी अकराला समिती बसतीय. यादी हाय तशी परत लावू. टीप मात्र न्हाई. आणि प्रोग्रामचा कागद इथनं पुढं कुणाला द्यायचा न्हाई, असा ठराव करतोय. तुमी या, तुमची सही लागंल."

"यादीत काय चुकलंय म्हणाल्या त्या?"

"ते कोण विचारत बसतंय? दीड हजार प्लॉट हायत. या बुधवारी."

फोन बंद झाला. सुमंत रिसीव्हर हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्यानं तो ठेवला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

ती टीप म्हणजे त्याचा जीव की प्राण होती. का, ते समजायला थोडं मागं जावं लागेल. सुमंत एकोणतीस वर्षांचा. सकाळी तो एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा आणि उरलेला दिवस त्याचा स्वतःचा असायचा. दोन वर्षांपूर्वी कोयनानगरच्या वसाहतीत नोकरीला असलेल्या निमिष नावाच्या मित्रानं त्याच्यासाठी एक सीडी पाठवली, वर्तमानपत्रात गुंडाळून, एसटीच्या कंडक्टरच्या हाती. त्या सीडीवर कॉम्प्युटर चालवणारी सगळी व्यवस्था होती, आणि ती कशी लिहिली आहे तेही होतं, अथपासून इतिपर्यंत, उघडं. कुणीही वाचावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. जगभरच्या माणसांनी एकमेकांचं तोंडही न बघता ते लिहिलं होतं. सुमंत त्या दिवसापासून झपाटला. क्लासमधल्या मुलांना तो फ्लॉपीवर प्रोग्राम भरून द्यायचा, स्टीलच्या जेवणाच्या डब्यात घालून, म्हणजे फ्लॉप्या पाऊस-धुळीपासून वाचतील. क्लासचे मालक वैतागायचे. आईला हे वेड समजावून सांगताना तो म्हणाला होता, "विरजणासारखं आहे गं. शेजारणीनं वाटीभर नेलं म्हणून आपलं दही कमी होत नाही." आई म्हणाली होती, "पण वाटी परत येत नाही, ते लक्षात ठेव."

कारखान्याचं काम त्यानं एकाच अटीवर घेतलं. यादीच्या खाली ती कशी काढली तो नियम साध्या मराठीत छापायचा, आणि प्रोग्राम मागेल त्याला द्यायचा. कागदाच्या तळाशी त्यानं लिहिलं होतं: 'हा प्रोग्राम कुणीही वापरावा, उघडून पाहावा, चूक दिसली तर दुरुस्त करावा आणि पुढे द्यावा.' ऊस आधी कुणाचा तुटणार यावरून त्या भागात भाऊ भावाशी बोलेनासा होतो. ओळखीनं नंबर लागतात असं प्रत्येकाला वाटतं. नियम भिंतीवर असेल तर कुणाला वाटायचं कारण उरणार नाही, इतकं साधं त्याचं म्हणणं होतं.

आता ती टीपच जाणार होती.

चूक कुठं असेल? नियम तर सरळ होता. ज्या प्लॉटची लागणीची, म्हणजे ऊस लावल्याची, तारीख आधी, त्याची तोडणी आधी. लहान मुलालाही कळेल. तेव्हा चूक नियमात नव्हती. प्रोग्राम त्यानं वीस वेळा तपासला होता. राहता राहिली माहिती. आणि इथं त्याची नजर मॉनिटरवर गेली.

"आई, मागच्या आठवड्यात ही कीबोर्डवरून चालली होती की नाही?"

प्रमोदिनीबाई पोळ्या लाटत होत्या. "रोजच चालते. तूच चालू देतोस."

"त्या दिवशी कारखान्याची फाईल उघडी होती. मी दार उघडायला गेलो आणि आलो तर पडद्यावर सगळीकडं सातच सात."

"मग तू ते पुसलंस."

"दिसले तेवढे पुसले. एखाद्या तारखेत एखादा सात राहिला असेल तर?"

झालं. सुमंतला गुन्हेगार सापडला. त्यानं भागीरथीला उचललं, मागच्या दारातून अंगणात ठेवलं आणि कडी घातली. ती बाहेरून ओरडू लागली, पिल्लं आतून. आईनं लाटणं खाली ठेवलं.

"अरे, पिती पिल्लं आहेत तिची."

"दोन तास. फक्त दोन तास."

दोन तासांचा दिवस झाला. लागणीच्या रजिस्टरच्या झेरॉक्स घेऊन आई एकेक तारीख वाचायची आणि तो पडद्यावर बघायचा. प्रमोदिनीबाईंनी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं, त्यामुळं त्यांचा आवाज थकत नव्हता. सुमंतच मधे मधे उठायचा. पाणी प्यायचा, चपला घालायचा, काढायचा. भागीरथीला आईनं केव्हाच आत घेतलं होतं. ती येऊन एकेका पिल्लाला मानगुटीला धरून कुठंतरी नेत होती आणि सुमंतकडं बघतही नव्हती.

"चौदाशे अठ्ठ्याऐंशी," आई शेवटी म्हणाली. "एकही चूक नाही. मांजर सुटली."

"पण मग चूक कुठाय?"

"तुझ्या त्या बाईंना विचारलंस का?"

सकाळपासून हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मंगळवारी क्लासला रजा सांगून त्यानं विट्यावरून जाणारी कडेगावची एसटी धरली. गाडी थांबली की त्याचा पाय हलायला लागायचा. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "काय रं, दवाखान्यात चाललायस काय?"

कारखान्याचा शिपाई अर्जुना हा त्याच्या ओळखीचा. त्यानं बाईंचं नाव आणि वस्ती सांगितली. शालूबाई. नवरा मानसिंग फौजेत हवालदार, बदलीवर जम्मूकडं. शेत ती एकटीच बघायची.

सुमंत पोचला तेव्हा शालूबाई गोठ्यापुढं वैरण टाकत होती. पस्तिशीची, बांध्यानं उंच, डोक्यावरचा पदर कानामागं खोचलेला. कोण आलंय ते कळल्यावर तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमी काढली व्हय यादी? मला वाटलं कोन म्हातारं मानूस आसंल."

"चूक काय आहे ते विचारायला आलोय."

"आँ? विचारायला?" तिनं हात झटकले. "बसा की मग. च्या घ्या. भांडायला येणाऱ्याला मी च्या देत न्हाई, विचारायला येणाऱ्याला देते."

तिनं आतून मुलीची शाळेची वही आणली. मागच्या पानावर सुमंतची टीप होती, शब्दन् शब्द उतरवलेली, अगदी 'कुणीही उघडून पाहावा' यासकट.

"हे तुम्ही लिहून घेतलंत?"

"फळ्यापुढं हुबं ऱ्हाऊन. सातवी झालीय माझी. माझ्याकडनं शेजारच्या हंबीररावांनी उतरवलं, त्यांच्याकडनं खालच्या वस्तीनं. तुमीच लिवलंय न्हवं, फुडं द्यावा म्हनून?"

"हो, हो. लिहिलंय."

"मग ऐका." ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि वैरणीच्या दोन काड्या जमिनीवर ठेवल्या. "माजी दोन रानं हायत. ही वड्याकडची, आडसाली, दीड साल रानात ऱ्हाणारी. लागन कवाची? गेल्या साली आखाडात, वीस जुलै. आता वय किती झालं?"

"सोळा महिने."

"ब्येस. आता ही दुसरी, हिरीकडची. हिची लागन त्याच्या आदल्या साली, शहाण्णवच्या जुलैत. किती झालं?"

"अठ्ठावीस महिने. म्हणून हिचा नंबर आधी लागला." सुमंतला अजूनही काही दिसत नव्हतं. "नियमाप्रमाणे बरोबर आहे."

शालूबाईनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाला हातचा धरायला आठवत नाही तेव्हा बाई बघतात तसं.

"आवं मास्तर, अट्ठावीस म्हैनं ऊस रानात कोन ठिवतंय? त्यो मागल्या डिसेंबरात तुटला. आता हुबा हाय त्यो खोडवा. तुटल्यावर बुडख्यास्नी परत फुटलेला. त्याचं वय तोडल्यापासनं धरत्यात, लागनीपासनं न्हाई. आकरा म्हैन्याचं पोर हाय ते, तुमी त्याला अट्ठावीसचा बाप्या केलाय."

सुमंतचा हात चहाच्या कपावर थांबला.

रजिस्टरमध्ये 'खोडवा' असं शेवटच्या रकान्यात लिहिलेलं होतं. त्यानं ते शंभरदा वाचलं होतं. कोपऱ्यातला एखादा शेरा असेल, असं समजून सोडून दिलं होतं. खोडवा म्हणजे काय हे त्यानं कुणाला विचारलंच नव्हतं. विश्रामबागेत ऊस फक्त रसाच्या गाड्यावर बघितलेला. आणि काल दिवसभर तो मांजरीची पावलं शोधत बसला होता.

"म्हणजे सगळे खोडवे पुढं गेले," तो हळूच म्हणाला, "आणि सगळे आडसाली मागं."

"चारशेच्या वर खोडवं हायत. माजा आडसाली पडला सहाशे बाराव्या नंबराला. त्याला तवर तुरा यील. तुरा आला की ऊस पोकळ पडला, वजन ग्येलं."

"पण तुमचाच खोडवा यादीत अकरावा आहे. गप्प बसला असतात तर…"

"हंबीरराव ऱ्हायलं की गप," शालूबाईनं बांधापलीकडं बघून आवाज चढवला. "त्यांचा इसावा नंबर लागलाय."

बांधापलीकडं एक पांढऱ्या मिशांचा माणूस विझलेल्या विडीशी खेळत बसला होता. "आगं, मी गप न्हवतो," तो म्हणाला. "मी इच्चार करत हुतो."

"चार दिस?"

"इच्चार मोठा हुता."

सुमंतला हसू आलं, पण बसवेना. तो उठला. "दुरुस्त करायला मला मागच्या हंगामातल्या तोडणीच्या तारखा लागतील. त्या कारखान्याच्या तोडणीच्या रजिस्टरात असतील ना?"

रजिस्टर मिळालं नाही. शेतकी ऑफिसातल्या क्लार्कनं टेबलावरून मान वर न करता सांगितलं, ते बाइंडिंगला गेलंय, कधी येईल सांगता येत नाही. जिन्यावर अर्जुनानं सुमंतला गाठलं आणि इकडंतिकडं बघत म्हणाला, "मास्तर, नानासोंचा खोडवा यादीत तिसरा हाय. रान मोकळं झालं की गहू टाकायचाय त्यास्नी. रजिस्टर बुधवारपातूर काय सापडायचं न्हाई."

तेव्हा कुठं सुमंतला बुधवारच्या सहीचा अर्थ लागला. यादी तशीच राहणार होती. जाणार होती ती फक्त टीप, जिच्या आधारानं यादीवर बोट ठेवता येत होतं.

परत वस्तीवर येऊन त्यानं शालूबाईला हे सांगितलं. तिनं कपाळाला आठी घातली, आत गेली आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीत मागच्या वर्षीच्या तोडणीच्या पावत्या होत्या. प्रत्येकीवर तारीख होती, कारखान्याचा शिक्का होता.

"रजिस्टर काय करायचंय? ह्या घरोघर हायत. बुधवारी किती वाजता म्हनला?"

संध्याकाळी सुमंत घरी आला तेव्हा पलंगाखालचं खोकं रिकामं होतं. भागीरथीनं पिल्लं आईच्या खोलीत, कपाटामागं नेली होती. तो गुडघ्यांवर बसून आत डोकावला तर तिनं कान मागं टाकले.

"चूक तिची नव्हती," तो म्हणाला.

"मला काय सांगतोस, तिला सांग," आई म्हणाली.

त्यानं बशीत दूध ओतून कपाटाजवळ सरकवलं. ती आली नाही. मग तो कॉम्प्युटरपुढं बसला आणि प्रोग्राममध्ये बदल केला. बदल चार ओळींचा होता. खोडवा असेल तर मागची तोडणी, नसेल तर लागण. चार ओळी लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्यानंतर मात्र तो सारखा उठत-बसत राहिला. उद्या सही केली नाही तर काम जाणार, हे उघड होतं. आणि सभेत उभं राहून आधी सांगायला लागणार होतं की चूक माझी. पुढं काय होईल? नानासो म्हणतील, बघा, ज्याला खोडवा ठाऊक नाही त्याचा नियम भिंतीवर कशाला?

बुधवारी अकराला समितीच्या खोलीत सात माणसं बसली होती. नानासो मधोमध. ठराव टाईप करून तयार होता, पेनाचं टोपणही काढून ठेवलेलं.

"सही करायच्या आधी मला बोलायचंय," सुमंत म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच बारीक वाटला. "यादी चुकलीय. चूक माझी आहे. खोडव्याचं वय मी लागणीपासून धरलं. मला ते ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलं नाही."

खोलीत कुणीतरी खोकलं. नानासोंनी हळूहळू मान हलवली. "बघा. म्हणून म्हणतो, हे असलं लोकांपुढं मांडायचं नसतंय. आता यादी वाटली गेलीय, तोडणीच्या टोळ्या आल्यात. या सालाला चालू दे, फुडच्या सालाला दुरुस्त करू. आणि टीप काढू, म्हणजे गोंधळ न्हाई."

"टीप होती म्हणूनच चूक सापडली, नानासो. नाहीतर पुढच्या वर्षीही तीच असती."

"मागच्या तारखा कुठायत तुमच्याकडं? रजिस्टर बाइंडिंगला ग्येलंय."

खिडकीजवळ बसलेले एक सदस्य बाहेर बघत होते. ते म्हणाले, "नानासो, जरा हिकडं या."

ऑफिसच्या पायऱ्यांपासून वजनकाट्यापर्यंत माणसं उभी होती. पन्नासेक असतील, मागून आणखी येत होती. कुणी सायकलवर, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी नाहीतर वही. पुढं शालूबाई होती, तिच्यामागं हंबीरराव.

"काय मोर्चा काढलाय काय गं?" नानासोंनी वरूनच विचारलं.

"मोर्चा कशाचा?" शालूबाई म्हणाली. "रजिस्टर हरवलंय आसं कळलं. तारखा द्यायला आलोय."

"हरवलं न्हाई, बाइंडिंगला ग्येलंय."

"त्ये यील तवर आमच्याकडनं घ्या."

खिडकीजवळच्या सदस्यांनी टेबलावरचा ठराव उचलला, वाचला आणि परत ठेवला. "ही टीप फळ्यावरनं काढून काय उपेग? ती त्या समद्यांच्या वहीत हाय. आपणच फुडं द्या म्हणून छापलं हुतं."

पेनाचं टोपण नानासोंनी लावून टाकलं.

कॉम्प्युटर खालच्या ऑफिसात होता. क्लार्क खुर्चीवरून उठला आणि सुमंत बसला. पहिली पावती शालूबाईची. सहा डिसेंबर सत्त्याण्णव. दुसरी हंबीररावांची. "इसावा आता कितवा हुईल?" त्यांनी विचारलं. सुमंतनं सांगितलं, सगळ्यांच्या तारखा झाल्यावर कळेल. "बरं," म्हणून ते बाजूला झाले, पण गेले नाहीत. भिंतीला टेकून येणाऱ्या प्रत्येकाची तारीख ऐकत राहिले.

दुपार झाली. पावत्या घामानं ओल्या, हळदीच्या डागांच्या, एक तर पंचांगात दाबून ठेवलेली. सुमंतची बोटं चुकायची, तो खोडायचा, पुन्हा लिहायचा. मधेच एकानं मागून वाकून पडद्यावर बोट ठेवलं, "मास्तर, माजं गाव दुसरं हाय." त्यानं ते दुरुस्त केलं. टिपेचं नवं वाक्य लिहिताना तो अडला, तेव्हा शालूबाई उभ्या उभ्या म्हणाली, "'पूर्वीची तोडणी' लिवू नका, 'मागल्या हंगामातली तोडणी' लिवा. पूर्वीची म्हनलं की कोनबी आज्याच्या वक्ताची सांगंल." त्यानं तसं लिहिलं.

चारच्या सुमाराला रांग संपत आली. शेवटच्या माणसामागं नानासो उभे होते. त्यांच्या हातात पावती नव्हती. कुणीतरी घसा खाकरला.

"नानासो, तुमच्या खोडव्याची तारीख?" सुमंतनं विचारलं.

नानासोंनी भिंतीला टेकलेल्या हंबीररावांकडं बघितलं, मग शालूबाईकडं.

"आठ जानेवारी," ते म्हणाले.

सुमंतनं ती टाईप केली.

"आता कितवा?"

"सगळ्या तारखा झाल्याशिवाय सांगता येणार नाही. वरच्या वस्तीची माणसं उद्या येणार आहेत."

"आरं, साधारण सांग की."

"साधारण सांगायचं नाही म्हणून तर नियम आहे, नानासो."

नानासोंनी एक खुर्ची ओढली आणि तिच्यात बसले. थोड्या वेळानं त्यांनी शालूबाईपुढं हात केला. तिनं वही दिली. चष्मा चढवून ते मागचं पान वाचू लागले, एकेका शब्दाखाली बोट ठेवून.